धुरपताबाईचे सात वार

नोकरीशिवाय आणखी काय करायचात, असं कोणी विचारलं की मी सांगतो, जोड्या लावायचो. ऐकणारा लगेच आपल्या भाचीची पत्रिका काढायला लागतो. मग त्याला सांगावं लागतं, की बाबा, माझ्या जोड्या लाल मातीतल्या, कुस्तीच्या. लग्नाच्या एकाच जोडीत मी आयुष्यात पडलो, माझ्या मेव्हण्याच्या, आणि तो अजून माझ्याशी धड बोलत नाही.

पोटापाण्याला मी नांदुऱ्याच्या एका शाळेत ड्रिल मास्तर होतो. यात्रांचे दिवस आले की आसपासच्या गावांतून कमेटीची माणसं सायकलीवर यायची आणि मला कुस्त्यांच्या दंगलीला घेऊन जायची. तेव्हा काही वजनकाटा नव्हता. आज पहेलवानाला तराजूवर उभं करतात, आकडा पाहतात आणि गट ठरवतात. आमच्या वेळी मैदानात शे-पन्नास गडी लंगोट कसून उभे राहात आणि कोणाचा हात कोणाच्या हातात द्यायचा ते एका माणसानं ठरवायचं. त्या माणसाला जोड लावणारा म्हणत. जोड बरोबर लागली तर लोकांना कुस्ती आठवते. चुकली तर जोड लावणाऱ्याची सात पिढ्यांपर्यंतची मायबहीण आठवते.

यात्रेची शेवटची जोड मात्र आधीच ठरायची. तिची हँडबिलं छापायची असत. त्या जोडीसाठी मला पहेलवानाच्या गावी जाऊन त्याला जोखून यावं लागे. ती कुस्ती निकाली असायची, म्हणजे एकाची पाठ मातीला लागेपर्यंत सोडवायची नाही. घड्याळ नाही, विश्रांती नाही. म्हणून जोखणं आलं.

लोकांना वाटतं, पहेलवान पाहायचा म्हणजे छाती आणि दंड पाहायचे. ते फोटोवाल्यानं पाहावं. मी आधी कोपरं आणि गुडघे पाहायचो, कारण मातीत खरोखर घासलेला गडी तिथं कळतो. कुस्तीत घासून मोडलेले कान सगळ्यात शेवटी. एकदा मलकापूरकडचा एक जण आला. दोन्ही कान मोडलेले, चालणं तर असं, की जमिनीनं बाजूला व्हावं. कोपरं पाहिली तर हळदीच्या नवरदेवासारखी मऊ. बाजूला घेऊन विचारलं, "कान कुठं मोडले बे?" त्यानं गर्दीकडे एकदा पाहिलं. मग म्हणाला, "दाराच्या फटीत, जी. सासऱ्याले पहेलवान जवाई पाह्यजे होता." सासरा समोर गर्दीत बसला होता. मी त्या गड्याला पाहुणे पहेलवान म्हणून फेटा बांधला, डफडं वाजवायला लावलं आणि हात न मिळवताच घरी पाठवला. त्याचा संसार पुढे चांगला झाला असं ऐकलं.

कोपरं झाली की दम. खरी गोष्ट तीच. भारी गड्याचा तर दमच पाहायचा, कारण जेवढं अंग मोठं तेवढा दम लवकर सरतो. त्याला जोर-बैठका काढायला लावून कळत नाही. समोर मास्तर उभा असला की कोणीही जीव खाऊन काढतो. माझी एक पद्धत होती. त्याला घेऊन चढावर फिरायला निघायचं आणि बोलतं करायचं. लांबलचक काहीतरी सांगायला लावायचं, आणि वाक्य कुठं तुटतं ते ऐकायचं. पाय खोटं बोलतात, छाती खोटं बोलते. चढावर वाक्य खोटं बोलत नाही.

ही पद्धत मी हौसेनं काढली नाही. त्याआधी खामगावकडच्या एका दंगलीत मी नुसता पाहायला बसलो होतो. धान्याच्या अडतीवर पोती वाहणारा एक थोराड गडी शेवटच्या जोडीला होता. चीत झाला नाही तो. कुस्ती लांबली, लोक ओरडत राहिले, आणि तो मातीत बसला. हसतच बसला. लोकांना वाटलं दम खातोय. तो पुन्हा उठला नाही. त्याची जोड ज्यानं लावली त्यानं पुढं कधी मैदानात पाय ठेवला नाही, आणि मी ठरवलं, की आपण लावलेल्या जोडीत असं होऊ द्यायचं नाही.

महाराष्ट्र होऊन थोडीच वर्षं झाली होती तेव्हाची गोष्ट. पिंपळगाव राजाच्या दंगलीची कमेटी माझ्याकडे आली. शेवटच्या जोडीला बऱ्हाणपूरचा रशीद पहेलवान येणार होता. लांबट अंगाचा, दमाचा पक्का, मी त्याला दोनदा पाहिला होता. त्याच्यासमोर सोनाळ्याच्या बाजूच्या एका गावातला तुळशीराम माळी उभा करायचा होता. त्या गावाचं नाव लिहीत नाही. तिथं आता माझी सोयरीक आहे.

तुळशीरामाचं घर वांगी-कांद्याच्या मळ्यावर जगणारं. घरी दुभतं नाही. पण पोरगं लहानपणापासून मातीत रमलेलं, तेव्हा गावानंच त्याला दुधाचे वार लावून दिले होते. गरीब विद्यार्थी पूर्वी वार लावून जेवत, तसंच हे. रविवारी पाटलाकडचं दूध, सोमवारी वाण्याकडचं, असं करत शनिवारी धुरपताबाईचं. धुरपताबाई म्हणजे गढीच्या पायथ्याशी एकटी राहणारी विधवा. तिच्याकडे एक बकरी. शनिवार मारुतीचा म्हणून तिनं भांडून तो वार मागून घेतला होता, आणि लहानशी लोटी भरून ती आखाड्यात स्वतः आणून द्यायची.

मी बसमधून उतरलो तेव्हा अर्धं गाव फाट्यावर. मध्ये तुळशीराम. खरं सांगतो, पाहून छाती दडपली. चेहरा तुपासारखा चमकत होता, मानेला वळ्या, दरवाजातून आडवं जावं लागेल असे खांदे. पाटील म्हणाले, "पाहा मास्तर, गावाचं दूध कसं अंगाले लागलं." मी कोपरं पाहिली. खरी होती. गडी मातीतलाच होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी आखाड्यात गेलो आणि मला सगळं कळलं. दंगलीची बातमी आल्यापासून वारांची शिस्त मोडली होती. ज्याला त्याला वाटत होतं, रशीदला आसमान दाखवताना आपल्याही घरचा थेंब पोरात असावा. त्या दिवशी वार होता एका घराचा, आणि आखाड्याच्या दाराशी दुधाच्या मोठ्या गडव्यांची रांग. कोणी दुधात बदाम घातलेले, कोणी तुपाचा गोळा सोडलेला. तुळशीराम एकेक गडवा दोन्ही हातांनी घ्यायचा, कपाळाला लावायचा आणि रिकामा करायचा. शेवटचा गडवा घेताना त्यानं क्षणभर डोळे मिटले. देणाऱ्या बाईला वाटलं, भक्तीनं मिटले. ती गहिवरली.

मी म्हटलं, "चल तुळशीराम, गढीवर मारुतीले जाऊन येऊ."

गावामागं जुनी मातीची गढी आहे, वर मारुतीचं ठाणं. चढ फार नाही, पण सरळ आहे. मी त्याचा हात हातात घेतला आणि म्हटलं, "कोनत्या वाराले कोनाच्या घरचं दूध, सांग बरं मले."

तो खुशीत सांगायला लागला. "रविवारी पाटलाचं. त्याईची म्हैस भुरी हाये, जी. सोमवारी वाण्याचं, त्याचं पातय असते पन वाणीन साखर टाकते. मंगळवारी सुताराचं... सुताराचं..."

आणि थांबला. समोरची बाभूळ पाहिल्यासारखं केलं. मीही बाभूळ पाहिली. पुन्हा निघालो. "बुधवारी..." म्हणाला, आणि पुढं नुसता श्वास. माझ्या हातातल्या त्याच्या हाताला घाम फुटला होता. गढी अजून अर्धीसुद्धा झाली नव्हती. मला तो खामगावचा गडी आठवला, हसत मातीत बसलेला.

आम्ही तिथंच दगडावर बसलो. मी काही बोलायच्या आधी तोच बोलला.

"मले समजते, मास्तर. दम राह्यला नाई."

"मंग एवढं दूध काऊन पेतो बे?"

"वापस कोनाचं करू? तुम्हीच सांगा. पाटलाचं पेलो आन् सुताराचं वापस केलं त सुतार म्हनीन, गरिबाचं काऊन नको. त्या धुरपतामावशीची बकरी जेमतेम लोटीभर देते, ते सारं मलेच आनते. तिचं तोंड पाह्यलं त मले नाई म्हनता येत नाई. रात्री झोपलो की छातीवर कोनी बसल्यासारखं वाटते, जी."

मी म्हटलं, "रशीद तुले मातीत घोळसीन. निकाली कुस्ती होय. जीव जाईन तुहा. मी जोड लावत नाई."

त्यानं मान खाली घातली. पंचवीस-सव्वीस वर्षांचा गडी, दगडावर दोन माणसांची जागा व्यापून बसलेला, आणि डोळ्यांत पाणी. "नका लावू. पन एक करा. दुधाचं नाव काढू नका. सांगा, पोट्टा कच्चा हाये, त्याच्यात दम नाई. सारा दोष माह्यावर टाका. लोकाईनं लेकराच्या तोंडातलं काढून मले पाजलं. त्याच दुधानं बिघडलो असं ऐकलं, त कोन्या घरात सुखानं घास जाईन?"

माझ्या धंद्यात पहेलवानांनी माझ्यापुढं हात जोडलेले मी पुष्कळ पाहिले. मला लहान दाखवू नका, यासाठी जोडलेले. मला लहान दाखवा म्हणून हात जोडणारा हा एकच.

संध्याकाळी पारावर गाव जमलं. मी उभा राहून सांगितलं, की तुळशीराम गुणी आहे, पण अजून कच्चा आहे. दम नाही. यंदा जोड लागणार नाही. मग पाटील म्हणाले, "कच्चा? मास्तर, डोळे तपासून घ्या." पाठीमागून कोणीतरी म्हणालं, बऱ्हाणपूरवाल्यानं मास्तरला खिशात घातला असंल. सुतार तुळशीरामाकडे वळून म्हणाला, "एवढं पाजलं बे तुले. काय केलं त्याचं?" तुळशीराम म्हणाला, "चुकलंच, काका. मेहनतीत कमी पडलो." पहाटेपासून माती ओढणारा गडी तो. मला त्या पाराच्या दगडांवर डोकं आपटावंसं वाटलं. पण शब्द दिला होता.

सकाळची बस पकडायला निघालो तर धुरपताबाई वाटेत. हातात नेहमीची लोटी नव्हती, गडवा होता. मी विचारलं, "मावशी, हे काय? आज तुमचा वार थोडाच आहे."

ती म्हणाली, "तुम्हीच त म्हनलं ना, पोरगं कच्चं हाये. शेजारनीकडून गाईचं मांगून आनलं, आपल्या बकरीचं मिसळलं. आता साऱ्याच बाया दुप्पट करून राह्यल्या. एका सालात पक्का करू त्याले."

हे मात्र माझ्या ध्यानात आलं नव्हतं. पोरगं कच्चं म्हटलं, की आई काय करणार? आणखी भरवणार. मी त्याला एका दंगलीतून सोडवला आणि वर्षभराच्या दुधात बुडवून चाललो होतो. फाट्यावर बसचा हॉर्न वाजला. मी बस जाऊ दिली. तुळशीरामाची मनात माफी मागितली आणि त्या बाईला सगळं सांगितलं. गढीचा चढ, तुटलेला मंगळवार, छातीवर बसणारं कोणीतरी, आणि त्यानं माझ्याकडून घेतलेलं वचनही.

तिनं गडवा खाली ठेवला. पदरानं तोंड पुसलं. पहिला प्रश्न असा, "म्हंजे माह्या बकरीचंही त्याले नडलं?"

"एकट्या बकरीचं नडलं नसतं, मावशी. साऱ्याईचं मिळून नडलं."

"आन् हे गावाले सांगाचं नाई."

"नाई."

तिनं खाली ठेवलेला गडवा पुन्हा उचलला. मग म्हणाली, "तुम्ही जा, मास्तर. दुसरी बस येईन. पोरगं मरू देत नाई मी."

पुढं काय झालं ते मला तुळशीरामानं नंतर सांगितलं. त्याच दिवशी ती बाई पारावर गेली. बाया सहसा तिथं जात नसत. ती पाटलापुढं उभी राहिली आणि म्हणाली, "यंदा सातही वार माहे. माहं कोनी नाई. मेल्यावर माह्या नावानं पानी द्याले कोनी नाई. एक साल हा पोट्टा माह्या एकटीच्या दुधावर राहू द्या. मारुतीच्या नावानं तेवढं पुन्य मले पाह्यजे." लोक चिडले. एका बकरीवर पहेलवान पोसतात का, कोणी हसलं, कोणी शिव्या दिल्या. ती हलेना. विधवेनं पुण्य मागितलं, तेही मारुतीच्या नावानं, नाही कोण म्हणणार? पाटलांनी नाइलाजानं मान हलवली.

त्या वर्षी तुळशीराम घरची ज्वारीची भाकर खायचा, मळ्यात खपायचा, आणि सकाळी धुरपताबाईची लहानशी लोटी प्यायचा. बाकी घरांचं दूध पहिल्यांदाच त्या घरांतल्या पोरांच्या पोटात गेलं. आणि धुरपताबाईचं नाव गावभर खराब झालं. विहिरीवर बाया तिला पुढं व्हायला सांगत, "व्हय बाई पुढं, पहेलवानाची माय तू. सारं तुलेच पाह्यजे." ती नुसतं "हाव" म्हणायची आणि घागर भरायची. कोणी पंगतीत हावरटपणा केला, की त्याला म्हणायला लागले, "झाले धुरपताचे सात वार."

पुढच्या साली कमेटी पुन्हा आली आणि मी पुन्हा त्या गावात उतरलो. फाट्यावर यंदा गर्दी नव्हती. तुळशीराम दिसला आणि पाटील माझ्या कानात कुजबुजले, "वाळला ना पोट्टा? त्या बाईनं वाट लावली." गडी उतरला होता, पण हाडं बोलत होती. मी काही न बोलता त्याचा हात धरला आणि गढीकडे निघालो.

"सांग, कोनत्या वाराले कोनाचं दूध."

तो हसला. "आता त सारे वार मावशीचेच, जी."

"जुने सांग."

चढ लागला तसा तो बोलत सुटला. पाटलाची भुरी म्हैस, वाणीणीची साखर, सुताराचं, बुधवारच्या तेल्याचं, गुरुवारी कोणाचं वासरू मेलं तरी त्यांनी पाठवलेलं, शुक्रवारी कोणाच्या सुनेनं सासूला चोरून घातलेले बदाम. मी मागं पडलो, मलाच दम लागला. तो माझा हात ओढत होता आणि वाक्य चालूच. मारुतीच्या ठाण्यापाशी पोचलो तेव्हा म्हणाला, "आन् शनिवारी धुरपतामावशीचं." तिथून खाली तिचं खोपटं दिसत होतं. दारात ती उभी होती, हाताची सावली डोळ्यांवर धरून. मी वरूनच फेटा काढून हलवला. ती आत निघून गेली.

कुस्ती पिंपळगावात झाली. लांबली. रशीदनं त्याला दोनदा खाली घेतलं, दोनदा तो निसटून उठला. मी बांधावर बसून दोघांच्या नाकांचा आवाज ऐकत होतो, बाकी काही पाहात नव्हतो. रशीदचा श्वास आधी तुटला. मग तुळशीरामानं त्याला कंबरेतून उचलला, आणि डफड्याच्या आवाजात काही ऐकू येईना. रशीद दिलदार माणूस. धूळ झटकत उठला, तुळशीरामाच्या कपाळाला माती लावली आणि विचारलं, "खुराक क्या है पहेलवान?" हा म्हणाला, "बकरी का दूध." रशीद मोठ्यानं हसला. त्याला वाटलं, गडी गुपित लपवतोय.

चांदीचं कडं मिळालं ते तुळशीरामानं धुरपताबाईच्या हातात घातलं. तिनं ते बकरीच्या गळ्यातल्या दोरीला अडकवून पाहिलं, आणि मग मारुतीला वाहिलं. गावानं पहेलवानाची मिरवणूक काढली. त्याच मिरवणुकीत लोक म्हणत होते, "साऱ्या गावाचं दूध असतं त आनखी लवकर पाडला असता. हिनं एकटीनं पुन्य लाटलं." तुळशीराम काही बोलायला गेला, तर म्हातारीनं गर्दीतून त्याच्याकडे अशी नजर टाकली, की तो गप्प बसला. ती गेली तेव्हा त्यानंच तिला पाणी दिलं.

मागच्या उन्हाळ्यात त्या गावात लग्नाला गेलो होतो. तुळशीराम आता म्हातारा झालाय, काठी घेऊन चालतो. आम्ही पंगतीत शेजारी बसलो. समोर कोणीतरी बुंदीचं ताट स्वतःकडे ओढलं, आणि एक कॉलेजात जाणारं पोट्टं हसत म्हणालं, "झाले धुरपताचे सात वार." धुरपता कोण होती, हे त्या पोराला माहीत असायचं काही कारण नव्हतं. तुळशीरामानं हातातला घास ताटात ठेवला आणि उठला. मी हात धुऊन मागं गेलो, तर तो मांडवाबाहेर गढीकडे पाहत उभा.

"मास्तर," तो म्हणाला, "ज्याईनं दूध पाजलं, त्यातलं आता कोनी राह्यलं नाई. आता कोनाले दुखत नाई. तुम्हाले लिव्हता येते. माह्या नावानिशी लिव्हा."

म्हणून लिहिलं. दिवाळीचा अंक त्या गावात पाटलाच्या नातवाकडे येतो. त्यानं हे पारावर मोठ्यानं वाचून दाखवावं, त्या कॉलेजातल्या पोराला पुढं बसवून.